मीठनगरीचा शेवटचा चौक

शाळेच्या स्मरणिकेत सुमित्राक्कांवर अर्धं पान छापून आलं आहे. वर फोटो, खाली 'सोज्वळ', 'मायाळू', 'विद्यार्थिप्रिय' आणि 'समर्पित'. ही विशेषणं कुणालाही चिकटवता येतात आणि मेलेल्या माणसाला ती झटकून टाकता येत नाहीत. अक्का असत्या तर त्यांनी ते पान स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचलं असतं आणि विचारलं असतं, "कोण गं ही बाई? आपल्याच शाळेत होती?"

मला राग आला म्हणून हे लिहायला बसले. शिवाय अक्कांनीच मला एकदा लिहायला सांगितलं होतं, एका अटीवर. ती अट पुढं येईल.

हुबळीत लॅमिंग्टन रोडच्या बाजूला असलेल्या त्या मराठी शाळेत मी तात्पुरती शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा नुकतीच बी.एड. झाले होते आणि जग बदलायला फार उशीर होतोय असं मला वाटत होतं. आमच्या घरात सोफा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. वडील एका छोट्या छापखान्यात जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारे. संपाची, मोर्चाची, बुवाबाजीविरुद्धची पत्रकं छापून झाली की उरलेली घरी यायची. मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावरच. त्यामुळे माझ्या बोलण्यात उद्गारचिन्हं जरा जास्त असायची. शाळेत पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यांना अंधश्रद्धेवरचं एक पत्रक वाटलं. बाकीच्यांनी ते डब्याखाली घातलं. अक्कांनी ते चष्मा लावून पुरं वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, "छान आहे गं. पण यात माणूस कुठाय?"

त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव टाकून दिलं. मला त्या 'पत्रक' म्हणायच्या. सकाळी मला बघितलं की फाटकापासूनच ओरडायच्या, "काय गं पत्रक, आज कुणाला जागं करायलीस?"

अक्का ठेंगण्या, खांद्यानं रुंद. सुती साडी, तीही नेहमी फिकट. आवाज मात्र असा, की तळमजल्यावर त्यांनी पाढे घ्यायला सुरुवात केली की वरच्या मजल्यावरच्या वर्गाला इतिहास सोडून पाढेच म्हणावे लागत. राहायच्या देशपांडे नगरात, वडिलांनी बांधलेल्या घरात, एकट्या. आमच्या शाळेत मुलं यायची ती कापडवाल्यांची, भांडीवाल्यांची, कुणाच्या वडिलांची सराफीतली नोकरी, कुणाचे वकील. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की कन्नड. दर वर्षी एखादा वर्ग विरळ होत होता, कारण आईवडिलांना इंग्रजी शाळेचा टाय दिसू लागला होता. जी उरली होती ती पुष्कळशी अक्कांमुळे उरली होती, हे हेडसरांनाही माहीत होतं. म्हणून तर ते त्यांच्याशी भांडताना आवाज चढवत आणि मध्येच उतरवत.

भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. उशिरा आलेल्या मुलाला वर्गाबाहेर उभं करायची शाळेची पद्धत होती. अक्का कुणालाही बाहेर उभं करत नसत. प्रार्थनेनंतर आलेलं, शाई सांडलेलं, दुसऱ्याला चावलेलं, कसलंही पोर असो, त्या म्हणत, "ये आत. शिव्या आत खा." त्यांच्या वर्गाचं दार तर कधी बंदच नसायचं. जोराचा वारा सुटला तर दाराला दगड लावायच्या. रस्त्यावरच्या बसचे हॉर्न, भाजीवाल्याची आरोळी, सगळं आत यायचं.

"बाई, शिस्त म्हणून काही आहे की नाही?" हेडसरांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं.

"आहे की सर. माझी शिस्त उंबऱ्याच्या आतली."

"आणि बाहेरची?"

"बाहेरची तुम्ही बघता की. तुम्ही उंच आहात, तुम्हाला लांबचं दिसतं."

सगळे हसले. हेडसरही हसले. मी तेव्हा मनातल्या मनात अक्कांना आमच्या चळवळीच्या गटात भरती करून टाकलं. ही बाई व्यवस्थेविरुद्ध आहे, असं मी घरी जाऊन वडिलांना सांगितलं.

आणखी काही सवयी होत्या, ज्यांचा अर्थ तेव्हा मला लागला नाही. त्या कुणाला 'थांब' म्हणत नसत. तोंडात घास असला, हातात पेपरांचा ढीग असला, तरी दारात कुणी आलं की "ये". लग्नकार्यात केळीच्या पानावर जेवत नसत, यजमानांना अवघडून टाकून ताट मागून घेत. आणि स्टाफरूममध्ये कितीही खुर्च्या रिकाम्या असल्या तरी डबा खायला बाहेरच्या पायरीवर बसत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "उन्हात बरं वाटतं." हुबळीच्या एप्रिलमध्ये उन्हात कुणाला बरं वाटतं?

आता मीठनगरीबद्दल.

दर जानेवारीत शाळेचं गॅदरिंग व्हायचं आणि त्यात दर वर्षी, सगळ्यात शेवटी, 'मीठनगरीचा पोवाडा'. जुने विद्यार्थी, ज्यांना आता स्वतःची दुकानं आणि पोटं होती, ते फक्त तेवढ्यासाठी येत आणि मागं उभे राहत.

मीठनगरी हे एक राज्य. तिथं सगळं मिठाचं. घरं मिठाची, रस्ते मिठाचे, राजवाडा मिठाचा. थेंबभर पाणी पडलं तर भिंत विरते, म्हणून तिथं नदीकडे जायला बंदी आणि रडायलाही बंदी. रडणाऱ्याला वेशीबाहेर काढतात. पडदा उघडला की पांढरे कागद चिकटवलेला दरबार दिसायचा. पुठ्ठ्याचा मुकुट घातलेला राजा टाळी वाजवायचा आणि म्हणायचा, "शाहीर, गाणं होऊन जाऊ दे!" आणि मग डफ घेऊन अक्का यायच्या. त्या मीठनगरीच्या दरबारी शाहीर. पदर खोचलेला, डोक्याला पांढरा पटका. डफ त्यांनी दुपारपासून मैदानात उन्हात ठेवून तापवलेला असायचा. पहिली थाप पडली की मागच्या रांगेतली कुजबुज बंद.

मिठाची वेस, मिठाचं घर,
मिठाचा उंबरा, मिठाचं दार,
थेंब पडता विरून जाणार,
म्हणून कायदा कडक फार,
हसा हवं तर पोट धरून,
रडेल त्याला हद्दपार, जी जी रं जी!

चौथीतली पोरं झील धरायची. पोवाड्याच्या पहिल्या चौकात, म्हणजे पहिल्या भागात, नगरीचं वर्णन. दुसऱ्यात वेशीवरच्या पहारेकऱ्याची कथा, जो इतका इमानी की त्यानं आयुष्यात कधी कडी चुकीची काढली नाही. तिसऱ्यात त्याचा धाकटा भाऊ येतो. तो नगरी सोडून गेलेला असतो, नदीपलीकडे. आईची आठवण आली म्हणून नदी पोहून परत येतो.

नदी पोहून भाऊ आला,
अंगावरती ओला शेला,
दार मिठाचं वाजवू लागला, जी जी रं जी!
आतून बोले पहारेकरी,
वाळून ये रे, जा माघारी,
कायद्यापुढे मी काय करी, जी जी रं जी!

रंगमंचाच्या एका बाजूला पुठ्ठ्याचं दार असायचं. अलीकडे पहारेकरी, पलीकडे भाऊ. अक्का गायच्या आणि ती दोन मुलं मुकाट्यानं करून दाखवायची. आणि चौथा चौक सुरू करायला अक्कांनी डफ उचलला की राजा ताडकन उभा राहायचा, "बस! शेवटचा चौक म्हणू नका! दरबाराचे डोळे भरले तर खांब विरतील!" शाहीर मान झुकवायचा. पडदा.

म्हणजे पोवाडा कधीच पुरा व्हायचा नाही. पोरं हैराण व्हायची. "अक्का, शेवटच्या चौकात काय आहे ओ?" कुणी म्हणे भाऊ मरतो, कुणी म्हणे पूर येतो. अक्का म्हणत, "राजाचा हुकूम आहे बाबा. मी नोकर माणूस."

मला हा प्रकार मुळीच पटला नाही. पहिल्या वर्षी गॅदरिंग संपल्यावर मी त्यांना मैदानातच गाठलं.

"अक्का, इतका आवाज, इतकी माणसं गप्प बसून ऐकतात, आणि तुम्ही त्यांना मिठाच्या राज्यात नेता? इथं गावात काय चाललंय ते दिसत नाही? पोवाडा हे हत्यार आहे!"

"हत्यार आहे हे खरं," अक्का डफ पुसत म्हणाल्या. "धरायचं कुठल्या बाजूनं ते तुला कुणी शिकवलं नाही वाटतं."

"हे पलायन आहे."

"काय आहे?"

"पलायन. वास्तवापासून पळणं."

"असेल की," त्या म्हणाल्या. "पळणारा माणूस कधी कधी गोल फिरून त्याच दारात येतो बघ." आणि डफ काखेत मारून गेल्या. मला वाटलं, शब्दांत हरवलं मला बाईनं. त्यांनी मला सरळ उत्तर दिलं होतं, हे मला पुढच्या वर्षी कळलं.

पुढच्या वर्षी पहारेकरी होती पुष्पी. चौथीतली, भांड्याच्या दुकानदाराची मुलगी, दात पडलेली, मिशी काढलेली, हातात वेताची काठी. तालमीत सगळं नीट केलं तिनं. गॅदरिंगच्या संध्याकाळी तिसरा चौक सुरू झाला. पलीकडे भाऊ झालेलं पोर, ओलं दिसावं म्हणून डोक्यावरून खरंच तांब्याभर पाणी ओतून उभं केलेलं, जानेवारीच्या गारठ्यात कुडकुडत होतं. अक्का गात होत्या, 'कायद्यापुढे मी काय करी'. पुष्पीनं त्या पोराकडे बघितलं, काठी टाकली आणि पुठ्ठ्याचं दार खसकन ओढून उघडलं.

"ये की रे आत! विरलं तर परत बांधू!"

सगळं मैदान हसलं. मागचे दुकानदार शिट्ट्या मारायला लागले. राजा बिचारा उभा राहून "बस, बस" म्हणत होता, पण काय बस करायचं ते त्याला कळेना. पुष्पीनं त्या भिजलेल्या पोराला हाताला धरून दरबारात आणलं आणि आपल्या पटक्यानं त्याचं डोकं पुसायला लागली.

मी विंगेत होते, म्हणून मला अक्कांचा चेहरा दिसला. डफ वर धरलेला, तोंड उघडं, आवाज नाही. मग त्यांनी डफ हळूच जमिनीवर ठेवला आणि त्या मागच्या पायऱ्या उतरून निघून गेल्या. लोकांना वाटलं, नाटकच तसं बसवलंय यंदा. टाळ्यांचा कडकडाट झाला.

अक्का त्यानंतर बरेच दिवस शाळेत आल्या नाहीत. आल्या तेव्हा कुणाला टोमणा मारेनात. वर्गाचं दार उघडं, पण आवाज खालच्या मजल्यावर राहायचा. पुष्पी रडकुंडीला आलेली, "अक्का, माझं चुकलं काय ओ?" तिला त्यांनी जवळ ओढून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "तुझं कसं चुकेल गं बाई."

एका रविवारी दुपारी मी देशपांडे नगरात त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. अक्का स्वयंपाकघरात खाली बसून तांदूळ निवडत होत्या. पोवाड्याचं काय झालं, असं मी विचारलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं नाही. निवडता निवडता सांगितलं.

मीठनगरी त्यांनी आणि त्यांच्या धाकट्या भावानं, रघूनं, याच घराच्या मागच्या पायरीवर बांधली होती. आई खडेमीठ चिनीमातीच्या बरणीत भरून ठेवायची. ही दोघं ओंजळ ओंजळ चोरून नगर रचायची. "रस्ते त्याचे, कायदे माझे," अक्का म्हणाल्या. एकदा रघूच्या ओल्या हाताचं पाणी गळून राजवाडा बसला आणि तो भोकाड पसरून रडायला लागला. त्याला गप्प करायला अक्कांनी कायदा केला, मीठनगरीत रडायचं नाही. तो डोळे पुसून लगेच नवा राजवाडा करायला बसला.

रघू मोठा झाला, धारवाडला नोकरीला लागला, आणि त्यानं एका नर्सशी लग्न केलं. गंगा तिचं नाव. तिची जात मी इथं लिहीत नाही. लिहिली की वाचणारे लगेच मापं काढायला बसतात, कुणी किती माफ करायचं त्याची. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, त्याचं नाव घरात काढायचं नाही असं सांगितलं. आई त्याच्या आधीच गेली होती.

"आणि आईच्या श्राद्धाला तो आला," अक्का म्हणाल्या. "दोघंही आली. अंघोळ करून, धुतलेल्या कपड्यांत. हातात केळीची पानं, श्राद्धाच्या जेवणाला. दारात उभा राहून म्हणाला, अक्का, मी आलोय गं."

अक्का सोवळ्यात होत्या. आमच्याकडे मडी म्हणतात. श्राद्धाचा स्वयंपाक करणाऱ्या बाईनं अंघोळ करून, कुणालाही न शिवता, भट जेवून उठेपर्यंत तसंच राहायचं.

"मी म्हणाले, थांब हं जरा. मी मडीत आहे. भट जेवून उठू देत. आणि आतून कडी घातली."

"मग?"

"मग काय. ऊन वर आलं. भट सावकाश जेवले. दक्षिणा झाली. मग मी दोघांची पानं मांडली." त्यांनी एक खडा वेचून टाकला. "मागच्या पडवीत मांडली गं. ते पण सांगते. पुढं नाही. आणि दार उघडलं. कट्ट्यावर कुणी नव्हतं. केळीची पानं होती, उन्हानं करपलेली."

मी म्हणाले, "अप्पांच्या भीतीनं केलंत तुम्ही."

"मीही तेच सांगत आले सगळ्यांना. स्वतःला पण." सूप एकदा झटकलं. "अप्पा देवघरात होते. त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. कुणी मला कडी घाल म्हणालं नाही. मडी तर निव्वळ निमित्त. मडीत असले तरी बोलता येतं, बस म्हणता येतं, कडी काढता येते. मला नको होती ती दोघं भटांच्या समोर. एवढंच."

माझ्याकडे यावर पत्रक तयार होतं. मी सुरू झाले. शुद्धाशुद्धीच्या कल्पना बाईच्या हातूनच राबवून घेतल्या जातात, बाई स्वतःच त्याची बळी असते, दोष व्यक्तीचा नसतो, व्यवस्थेचा असतो. मी मनापासून बोलत होते. त्यांना बरं वाटावं म्हणूनही बोलत होते.

अक्कांनी पुरं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे सगळं खरंय. लिही. पण लिहिशील तेव्हा माझं नाव घाल त्यात. व्यवस्था म्हणून मला सोडून देऊ नकोस. कडी माझ्या हातात होती."

हीच ती अट.

वडिलांनी छापलेल्या इतक्या पत्रकांत हे वाक्य कुठंच नव्हतं. आमच्या पत्रकांत कडी नेहमी कुणातरी दुसऱ्याच्या हातात असते.

मग अक्कांनी मला काम सांगितलं. रघू आता हुबळी-धारवाडच्या मधल्या नवनगरात राहत होता, स्वतःच्या छोट्या घरात. आमच्या गटाच्या कामाला मी तिकडे जात असे. "त्याला म्हणावं, एकदा शाळेत ये. एक पोवाडा केलाय, तुला ऐकवायचाय."

"तुम्ही का जात नाही?"

"त्यानं दार लावलं तर?" त्या म्हणाल्या. आणि आपणच हसल्या, कडवट. "बघ. अजून मला माझीच काळजी."

मी गेले. रघूअण्णा सायकलची चेन साफ करत अंगणात बसले होते. कपाळ अक्कांसारखंच, आवाजही तसाच असावा, पण तो त्यांनी दाबून ठेवलेला. मी निरोप सांगितला, मीठनगरी आणि तिचा कधीच न म्हटलेला शेवटचा चौक यांच्यासकट. ते चेन पुसत राहिले.

"मी आईच्या श्राद्धाला आलो होतो," ते शेवटी म्हणाले. "आणि ती मला आता गाणं ऐकायला बोलावते? शाळेत, पोरांच्यात?" मान वर न करता पुढं म्हणाले, "तिला सांगा, ती नगरी मी बघितलीय. रस्ते मीच काढलेत तिथले."

त्यांची बायको गंगक्का दारात उभ्या होत्या. मला चहा देताना हळूच कन्नडमध्ये म्हणाल्या, निरोप पाठवू नका म्हणावं, माणूस पाठवा.

मी हे दोन्ही अक्कांना जसंच्या तसं सांगितलं. रघूचं ऐकून त्यांनी मान हलवली, बरोबर आहे अशी. गंगक्कांचं ऐकून मात्र उठून उभ्या राहिल्या आणि उगीचच खिडकीशी जाऊन आल्या.

आईचं श्राद्ध फाल्गुनात असायचं. अप्पा गेल्यापासून एक चुलतभाऊ येऊन करायचा. त्या वर्षी अक्कांनी त्याला कळवलं, येऊ नकोस. तो भडकला म्हणे. "मग करणार कोण? तू?" अक्का म्हणाल्या, "करायचा अधिकार ज्याला आहे त्याला विचारायला चाललेय."

त्या दिवशी त्यांनी मला सोबत नेलं. "बस दाखव आणि घर दाखव. नंतर लांब उभी राहा. तुझं तोंड आवरत नाही." मडी नव्हती, स्वयंपाक नव्हता. रोजची फिकट साडी आणि हातात बाजारातून आणलेली केळीची पानं, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. बसमध्ये कंडक्टरनं पानं वर ठेवायला सांगितली तर त्याच्याकडे असं काही बघितलं, की तो तिकीट न देताच पुढं गेला आणि मग परत आला.

नवनगरातल्या त्या गल्लीत दुपारी चिटपाखरू नसतं. मी समोरच्या झाडाखाली थांबले. अक्कांनी फाटक उघडलं, पायरीपर्यंत गेल्या. दार गंगक्कांनी उघडलं. दोघी समोरासमोर होत्या. श्राद्धाच्या त्या दुपारनंतर प्रथमच.

"बर्री," गंगक्का म्हणाल्या. "ओळगं बर्री." या, आत या.

अक्कांनी मान हलवली. "इल्ले कुंदरतीनि." मी इथंच बसते. आणि पायरीवर बसल्या, पानं मांडीवर घेऊन, अगदी डबा खायला शाळेच्या पायरीवर बसत तशा. तेव्हा मला त्या पायरीचा अर्थ लागला.

गंगक्का आत गेल्या, पण दार त्यांनी लावलं नाही. आतून बोलण्याचा आवाज आला, एक चढा, एक शांत. ऊन अक्कांच्या पायांवरून मांडीवर आलं. फडकं वाळलं. त्या सरकल्या नाहीत. मला जाऊन त्यांना सावलीत ओढावंसं वाटत होतं. पण ते त्यांचं ऊन होतं, माझं नव्हतं.

मग रघूअण्णा बाहेर आले. "आत ये" म्हणाले नाहीत. "जा" ही म्हणाले नाहीत. थोडा वेळ पाठीमागं उभे राहिले आणि मग त्याच पायरीवर दुसऱ्या टोकाला बसले. मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा.

"म्हण," ते म्हणाले. "काय केलंयस ते."

डफ नव्हता. अक्कांनी पायरीच्या फरशीवर बोटांनी ताल धरला आणि सुरुवात केली. तो आवाज मी ओळखलाच नाही. मैदान भरून टाकणारी बाई इतक्या हळू गात होती, की मधूनच शब्द जात होते. मिठाची वेस, मिठाचं घर. पहिल्या चौकाच्या शेवटी त्या थांबल्या. झील धरणारं कुणी नव्हतं. बोटं तशीच वाजत राहिली. आणि मग बाजूनं, घोगरा, न वापरलेला एक आवाज आला, "जी जी रं जी."

दुसरा चौक झाला. तिसरा सुरू झाला. नदी पोहून भाऊ आला, अंगावरती ओला शेला. इथं रघूअण्णांनी झील धरली नाही. फाटकाकडे बघत बसले होते. 'कायद्यापुढे मी काय करी' हे शब्द अक्कांच्या तोंडातून कसेबसे निघाले. मग बोटं थांबली.

"पुढं?" रघूअण्णा म्हणाले.

"पुढं नाही."

"शेवटचा चौक आहे म्हणून सांगितलं त्या पोरीनं."

"खोटं आहे ते. राजा थांबवतो, कायदा आहे, सगळं मीच घातलंय. मला रचताच आला नाही रे. दार लावल्यावर काय होतं ते मला कुठं माहितीये? मी आत होते."

रघूअण्णांनी अक्कांच्या मांडीवरची पानं बघितली. एकाची कड सुकायला लागली होती, ती त्यांनी अंगठ्यानं सरळ केली.

"बाहेर जो होता, त्याला विचारलं नाही वाटतं शाहिरानं."

"नाही."

"विचार की मग."

मी अक्कांना खूप बोलताना ऐकलं होतं. हेडसरांना गप्प करताना, माझी टर उडवताना, पाचशे माणसांसमोर गाताना. एवढा प्रश्न विचारायला त्यांना जितका वेळ लागला, तितका कशालाच लागलेला मी बघितला नव्हता.

"रघू," त्या म्हणाल्या, "किती वेळ थांबलात रे तुम्ही? काय झालं?"

आणि ते सांगायला लागले. मी वळले आणि बसस्टॉपकडे निघाले. ते माझ्यासाठी नव्हतं. तसं ते कुठल्याच पत्रकात जाणार नव्हतं. महिन्याभरात माझी तात्पुरती नोकरी संपली, मी हुबळी सोडली, आणि नंतर अक्कांची भेट झाली नाही. त्यांनी शेवटचा चौक कधी रचला का, पुढच्या गॅदरिंगला राजाला काय सांगितलं, मला ठाऊक नाही. त्यांना माफी मिळाली असं लिहायचा मला अधिकार नाही, आणि मी तिथं असेपर्यंत कुणी ती दिली नव्हती.

कोपऱ्यावरून मी एकदाच मागं बघितलं. रघूअण्णा बोलत होते, हात हलवत, एकदा फाटक, एकदा रस्ता दाखवत. अक्का मान खाली घालून ऐकत होत्या. गंगक्का येऊन त्या दोघांच्या मधल्या जागेत बसल्या होत्या आणि नवरा काही विसरला की आपण सांगत होत्या. मागं दार सताड उघडं होतं. आत कुणीच गेलं नव्हतं.